नॅनो-सिलिकावाला इपॉक्सी: बोटीच्या रिबांवर दोन पावसाळे

गोकुळ शिरगाव एमआयडीसीत आमचं फायबरचं वर्कशॉप आहे. आबा टाक्या आणि ट्रकची बॉनेट करायचे, २०१९ च्या महापुरानंतर मी बोटींचं काम सुरू केलं. त्या ऑगस्टमध्ये शिरोळ तालुक्यात बोटी कशा कमी पडल्या ते डोळ्यांनी बघितलंय. म्हणून बोटीच्या जोडात मला हयगय चालत नाही.

बोटीचा तळ आतून आडव्या रिबांनी ताठ राहतो आणि त्या रिबा आम्ही चिकटवतो. २०२१ च्या पुरात आमची एक बोट पाण्याखालच्या कुंपणाच्या खांबावर आदळली. माणसं सुखरूप उतरली, तळालाही भोक पडलं नाही, पण दोन रिबा टोकापासून उकलत गेल्या होत्या. सुटलेली बाजू काचेसारखी गुळगुळीत. निम्मा दोष आमच्या घासकामाचा, निम्मा साध्या इपॉक्सीच्या ठिसूळपणाचा. इपॉक्सी म्हणजे रेझिन आणि हार्डनर हे दोन भाग मिसळले की कडक होणारा गोंद. सरळ ओढलं तर तो भरपूर ताकद देतो, पण जोडावरचा ताण मधे कमी आणि दोन्ही टोकांना जास्त असतो. टोकाला एकदा भेग पडली की ती सरळ पळत सुटते. रिब नुसती रुंद करून हे सुटत नाही, तेही करून बघितलं.

हा ठिसूळपणा घालवायला आधी मी कार्बन नॅनोट्यूबची, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांची, पावडर मागवून ड्रिल मशीनला दांडा लावून रेझिनमध्ये घोटली होती. काळी खीर झाली आणि वाळल्यावर तोडून बघितलं तर आत मोहरीएवढ्या गुठळ्या. भेग तिथूनच सुरू झालेली. ही पावडर एकमेकांना इतकी धरून बसते की ती सुटी करायला तीन रोलरची मिल किंवा अल्ट्रासॉनिक मशीन लागतं. वर्कशॉपात हा प्रयोग कुणी करू नये. पावडर हवेत उडते आणि श्वासातून आत जाते, हे त्याहून वाईट.

मग उद्यमनगरातल्या आमच्या नेहमीच्या दुकानातून हा दोन डब्यांचा इपॉक्सी आणला. यात सिलिकाचे कण कारखान्यातच मिसळलेले येतात. कण साधारण २० नॅनोमीटरचे, म्हणजे चारेक हजार कण एका रांगेत लावले तर माणसाच्या केसाची जाडी भरते. माझा पहिला प्रश्न होता, रेझिन घट्ट करायची एरोसिल पावडर पण सिलिकाच, ते आम्ही रोज घालतो, मग जादा पैसे कशाला? शिवाजी विद्यापीठात नॅनोसायन्स शिकणाऱ्या भाच्याने समजावलं: एरोसिलचे कण साखळीसारखे एकमेकांना जुळलेले असतात, म्हणून ते रेझिन घट्ट करतं. इथे प्रत्येक कण सुटा आहे, म्हणून रेझिन ओतता येतं. भेग आली की कणाभोवतीचं रेझिन सुटतं, बारीक पोकळी होते, ती ताणली जाते आणि भेगेचा जोर तिथे खर्ची पडतो.

मी पाचर ठोकून बघितली. एकाच फायबर शीटच्या पट्ट्या, एक जोडी साध्या इपॉक्सीने, एक याने, दोन्ही ८० नंबरच्या पेपरने घासून ॲसिटोनने पुसलेल्या. आठवडाभराने जोडात छिन्नी घालून हातोडी मारली. साध्या जोडीत तिसऱ्या घावाला टक्कन आवाज आला आणि भेग टोकापर्यंत गेली. दुसऱ्या जोडीत ती दोन बोटं सरकून थांबली, पुढे पांढुरका डाग दिसला. आणखी मारलं तेव्हा जोड सोडून पट्टीच फाटली, पिंजलेल्या कापसासारखे काचेचे धागे वर आले. मिस्त्री तो तुकडा उजेडात धरून कितीतरी वेळ बघत उभे होते. मलाही तेव्हाच धीर आला.

तक्रारीही आहेत. किंमत आमच्या नेहमीच्या इपॉक्सीच्या जवळजवळ अडीचपट. पहिला डबा मुदत संपायला सहा आठवडे उरले असताना माझ्या हाती दिला गेला, तारीख बघूनच घ्या. आणि कोल्हापूरच्या पावसाळ्याबद्दल लेबलवर एक ओळ नाही. दमट हवेत वाळलेल्या थरावर मेणचट पापुद्रा येतो. तो कोमट पाण्याने, स्क्रबरने धुतल्याशिवाय वर दुसरा थर दिला की तो सुटणारच. हे आम्हाला एक रिब वाया घालवून कळलं. हार्डनर वजनकाट्यावर मोजायचा, अंदाजाने नाही. आणि क्लॅम्प आवळून सगळा गोंद बाहेर काढायचा नाही, अर्धा मिलिमीटर थर आत राहिला पाहिजे.

टाकीच्या झाकणाला, पाटीला हा वापरू नका, पैसे वाया जातील. जिथे धक्का बसतो, उकलायचा जोर येतो, तिथे घ्याच. २०२४ च्या जुलैत पंचगंगेने ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली तेव्हा या इपॉक्सीच्या दोन बोटी पाण्यात होत्या. परत आल्यावर तळ घासलेला, जेलकोट, म्हणजे बाहेरचा गुळगुळीत थर, दोन ठिकाणी उडालेला. मी आत वाकून प्रत्येक रिबेच्या टोकाला नाण्याने टकटक करून बघितलं. सगळीकडे भरीव आवाज आला.