ऑप्टोलाँग एल-एक्स्ट्रीम: मेड्यूसासाठी घ्यावा का?

मिथुन राशीतली मेड्यूसा नेब्युला (एबल 21) ही बिंबाभ्रिका (मरणाऱ्या ताऱ्याने बाहेर टाकलेलं वायूचं कवच) चंद्रबिंबाच्या साधारण एक तृतीयांश रुंदीची आहे. आकार मोठा, पण प्रकाश सगळीकडे पसरलेला, म्हणून ती इतकी फिकट. शहराच्या वेशीवरून रंगीत कॅमेऱ्याने टिपायची असेल तर ऑप्टोलाँग एल-एक्स्ट्रीम हा 2 इंची फिल्टर घ्यावा. गडद आकाश हाताशी असेल तर घाई नको.

फिल्टर प्रकाशाचे दोनच पट्टे सोडतो: 656.3 नॅनोमीटरला हायड्रोजन-अल्फा (हायड्रोजनचा लाल प्रकाश) आणि 500.7 ला ऑक्सिजनचा हिरवट-निळा, प्रत्येकी 7 नॅनोमीटर रुंद. रंगीत सेन्सरवर हायड्रोजन फक्त लाल पिक्सेल, म्हणजे चारांतला एकच, पकडतो. ऑक्सिजन हिरव्या-निळ्या तिन्हींवर पडतो. तरीही मेड्यूसाची लाल कमान आधी उठते आणि आतला हिरवट-निळा भाग वेळ खातो. चांदणं असेल तर तोच पहिला बुडतो. तिथे हा फिल्टर फारसं वाचवत नाही.

80 मिमी एफ/6 दुर्बीण (एफ/6 म्हणजे केंद्रांतर व्यासाच्या 6 पट) आणि 3.76 मायक्रॉनचे पिक्सेल असतील तर नेब्युला जेमतेम 370 पिक्सेल रुंद येते. 8 इंची एफ/5 न्यूटोनियनवर (आरशाच्या दुर्बिणीवर) दुपटीहून थोडी जास्त. 300 सेकंदांच्या फ्रेम, सेन्सर उणे 10 अंशांवर, आणि एकूण किमान 6 तास. चित्र याच्या दुप्पट स्वच्छ हवं असेल तर 12 नव्हे, 24 तास लागतात.

महाराष्ट्रातून ती मध्यमंडलावर (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर) सुमारे 85 अंश उंच जाते. हवेच्या दृष्टीने उत्तम, पण लांब नळीचा कॅमेरा ट्रायपॉडच्या पायाला घासू शकतो. मेरिडियन फ्लिप, म्हणजे ती रेषा ओलांडताना दुर्बीण दुसऱ्या बाजूला उलटवणं, आधी दिवसा करून बघा.

आता खटकणाऱ्या गोष्टी. एफ/2 च्या दुर्बिणीत काठाचे किरण सुमारे 14 अंश तिरके येतात, पट्टा निळ्याकडे सरकतो आणि हवा तोच प्रकाश अडतो. एफ/4 पर्यंत ठीक. ठळक ताऱ्याभोवती वलय दिसलं तर फिल्टर आणि सेन्सरमधलं अंतर बदलून बघा. वलयाचा आकार बदलला, तर ते त्यांच्यातल्या परावर्तनाचं.

फोकस फिल्टर बसवूनच करा, कारण काचेच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश इतका फोकस मागे सरकतो. बाहतिनोव्ह मास्कसाठी (फोकस जुळवायची दुर्बिणीपुढची जाळी) प्रोसियन हा ठळक तारा जवळच आहे. ऑफ-ॲक्सिस गायडरचा (त्याच दुर्बिणीतला थोडा प्रकाश वळवून माग ठेवणाऱ्या कॅमेऱ्याला देणारं साधन) प्रिझम फिल्टरच्या मागे आला तर गाइड तारेच मिळत नाहीत. तो पुढे बसवा किंवा वेगळी गाइड दुर्बीण लावा. फ्लॅटही (एकसारख्या उजेडाच्या, डाग-सावल्या दुरुस्त करायच्या फ्रेम) फिल्टरसकटच.

ताऱ्यांचे रंग मात्र मरतात. शेवटी फिल्टर काढून, पुन्हा फोकस करून, 30 सेकंदांच्या साठेक फ्रेम घ्या आणि तारे तिथून उचला. देवयानी दीर्घिकेचा प्रकाश मुख्यतः ताऱ्यांचाच, म्हणून तिच्यासाठी हा फिल्टर घेऊ नका.