पद्मिनीत ११८ एनईचं इंजिन: उद्यमनगरातल्या गॅरेजचं काम

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात जुन्या गाड्यांचं काम करणारं एक छोटं गॅरेज आहे. आमच्या पद्मिनीचं इंजिन काढून तिथे ११८ एनई या दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवून घेतलं आणि काम इतकं मनासारखं झालं की सविस्तर लिहावंसं वाटलं. मालकांनी नाव छापू नका म्हणून निक्षून सांगितलंय, कारण हातातलीच कामं संपत नाहीत. उद्यमनगरात कुठल्याही लेथवाल्याला ‘जुन्या फियाटचं काम कोण करतं’ असं विचारा, रस्ता दाखवतील.

गाडी १९७८ ची, वडिलांनी घेतलेली. आरसीवर प्रीमियर पद्मिनी, घरात मात्र कायम फियाटच. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट म्हणून निघणाऱ्या गाडीचंच पुढे १९७४ मध्ये पद्मिनी असं नामकरण झालं. आम्ही सांगलीचे, वालचंद कॉलेजच्या परिसरात वाढलेलो. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीची गाडी म्हणून वडिलांचा तिच्यावर जरा जास्तच जीव होता. आता ती मी चालवते, आणि रोज चालवते. पुढचं सगळं समजायला हे ‘रोज’ महत्त्वाचं आहे.

मूळ १०८९ सीसीच्या इंजिनाचं आयुष्य खरोखर संपलं होतं. ब्लॉक बोअर करून करून, म्हणजे सिलिंडर आतून घासून रुंद करत करत, शेवटच्या मापाला गेलेला, मग आत स्लीव्ह (नव्या नळ्या) घातलेल्या, पिस्टनची खालीवर धाव फिरतीत बदलणारी क्रँकही ग्राइंडिंगच्या शेवटच्या मापावर. रत्नागिरीला जाताना आंबा घाटात तापमानाचा काटा वर चढायचा आणि वळणावर गाडी बंद पडायची. इंजिनाजवळच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकून बसायचं, नळीतली पेट्रोलची वाफ जिरली की पुढे निघायचं. जुनी फियाट ज्यांनी उन्हाळ्यात घाटात नेली आहे त्यांना हे फडकं ठाऊक असेल.

याआधी दुसऱ्या एका शहरातल्या गॅरेजमध्ये विचारलं होतं. तिथे पाच मिनिटांत उत्तर मिळालं: कुठलंही मारुतीचं इंजिन आणा, पुढचा भाग कापून बसवून देतो. फियाटला वेगळी चॅसी नसते, बॉडीच सगळा भार पेलते. तिथे कटर लावला की गाडीचा कणा गेला. मी तिथून निघाले.

उद्यमनगरात पहिल्या भेटीत इंजिनाचा विषय निघायलाच तासभर गेला. मोठ्या मिस्त्रींनी आधी आरसी मागितली. साल बघितलं आणि म्हणाले, ‘ताई, अजून थोडी वर्षं थांबलात तर गाडी पन्नाशीची होतीय. तवा इंजिन मूळचं असलं तरच ती विंटेजमध्ये बसणार. आत्ता बदललं की तो रस्ता बंद. घरी जाऊन नीट विचार करा की, घाई काय हाय?’

त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये विंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम आणले. पहिल्या नोंदणीला पन्नासहून जास्त वर्षं झालेली आणि मूळ रूपात असलेली गाडी त्यात बसते. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला चालत नाही. नव्या नोंदणीला २०,००० रुपये शुल्क, मुदत दहा वर्षं, आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. पण त्याच नियमांत असंही आहे की अशी गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. मला तर मंडईला, बँकेत आणि मुलीच्या शाळेत याच गाडीने जायचं असतं. म्हणून मी व्हीएवर पाणी सोडलं, पण सगळं कळल्यावर सोडलं. आगाऊ रक्कम घेण्याआधी गिऱ्हाइकाला हे सांगणारे लोक फार थोडे, आणि याच एका गोष्टीसाठी मी या गॅरेजला पैकीच्या पैकी गुण देते.

दुसरी अट कागदांची. आरटीओची लेखी परवानगी हातात आल्याशिवाय एक बोल्टही सोडणार नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे गाडीत मनाला येईल तो बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मज्जाव केला. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते, तेव्हा इंजिन नंबर तपासला जातोच. इंजिन ज्या गाडीतून आलं ती मोडीत काढल्याचे कागद, खरेदीची पावती आणि नंबरची पेन्सिल प्रिंट यांची फाइल त्यांनीच लावून दिली. माझ्या अर्जाला मंजुरी मिळाली. तुमच्या कार्यालयात काय होईल ते तिथेच विचारा, आणि इंजिन विकत घेण्याआधी विचारा. विमा कंपनीलाही कळवा.

आता इंजिन. त्यांनी सुचवलं प्रीमियरच्याच ११८ एनईचं. ती गाडी १९८५ मध्ये आली, आणि तिच्यातलं इंजिन निसानचं ए१२. ११७१ सीसी, ५२ बीएचपी. आकडे ऐकून ‘एवढासाच फरक?’ असं वाटतं. पण मिस्त्रींनी दोन्ही क्रँक बाकावर शेजारी शेजारी ठेवून दाखवल्या. फियाटच्या क्रँकला तीन मेन बेअरिंग, म्हणजे तीन ठिकाणी आधार, निसानच्या क्रँकला पाच. फियाटचा पिस्टन ६८ मिलिमीटरचा, तो ७५ मिलिमीटर खालीवर होतो. निसानचा ७३ चा, आणि धाव फक्त ७०. म्हणजे पिस्टन रुंद आणि धाव आखूड, त्यामुळे इंजिन वरच्या आरपीएमला मोकळं पळतं आणि पाच बेअरिंगांमुळे थरथरतही नाही. शिवाय कार्ब्युरेटरचंच इंजिन, कॉम्प्युटर नाही, त्याचा वायरिंगचा पसारा नाही, आणि रस्त्यात काही झालं तर गावातला मिस्त्रीही हात घालू शकतो. मारुतीच्या इंजिनाचा आग्रह धरणारे भेटतील. ताकद जास्त मिळेल हे खरं, पण या बॉडीला आणि या ब्रेकना ए१२ शोभतं असं माझं ठाम मत आहे.

ते बसवताना मी मुद्दाम थांबून बघितलं, कारण खरी कारागिरी इथे आहे. इंजिन आणि त्याचाच गिअरबॉक्स जोडूनच आत उतरवलं, खाली जॅक, बाजूला लाकडी ठोकळे. मग मिस्त्रींनी पाणसळ घेतली. आधी गिअरबॉक्सच्या मागच्या तोंडाला लावली, मग गाडीखाली सरपटत जाऊन मागची चाकं फिरवणाऱ्या डिफरन्शियलच्या फ्लँजला, म्हणजे शाफ्ट जोडायच्या चकतीला. दोन्हींचा कोन जुळेपर्यंत ठोकळ्यांखाली पत्र्याच्या पट्ट्या सारत राहिले. मी कारण विचारलं. म्हणाले, ही दोन तोंडं समांतर नसली तर त्यांना जोडणाऱ्या शाफ्टचे क्रॉस, म्हणजे टोकांचे सांधे, एका सुरात फिरत नाहीत, साठच्या पुढे गाडी सीटखालून गुरगुरते आणि क्रॉस लवकर जातात. कोन जमल्यावरच पुठ्ठ्याचे साचे कापले आणि त्यावरून जाड प्लेटचे माउंटिंग बनवले. हे माउंटिंग बॉडीच्या जुन्याच भोकांत बोल्टने बसतात. कुठे कापलं नाही, कुठे वेल्डिंगचा टाका नाही. उद्या मनात आलं तर मूळ इंजिन परत बसू शकतं. ते इंजिन त्यांनी तेल लावून, भोकं बुजवून, खोक्यात घालून माझ्या ताब्यात दिलं.

हा शाफ्ट (प्रोपेलर शाफ्ट) अर्थातच नव्या लांबीला कापावा लागला. तो शेजारच्या लेथवर झाला, बॅलन्सिंगसह. कोल्हापूरचा फायदा हाच. ओतकामापासून टर्निंगपर्यंत सगळं एका हाकेच्या अंतरावर, आणि प्रत्येकाला समोरच्याचं काम कळतं.

मग ब्रेक. फियाटला चारी चाकांना ड्रम. मिस्त्रींनी हे काम यादीत स्वतःहून घातलं आणि ते नको असेल तर इंजिनही बदलणार नाही म्हणाले. चारी ड्रम लेथवर साफ केले, शूजना नवं लायनिंग, व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडर आणि रबरी नळ्या नव्या. पेट्रोलच्या नळ्याही बदलल्या, कारण आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुनं रबर त्यात फुगतं. नवी नळी त्यांनी सायलेन्सरच्या पाइपापासून लांबून फिरवली. ट्रायल जोतिबाच्या घाटात, चार माणसं बसवून. चढताना मिस्त्री गप्प बसले होते. उतरताना मात्र मला तिसऱ्यात ठेवून पुन्हापुन्हा ब्रेक मारायला लावला आणि पायथ्याला उतरून प्रत्येक ड्रमजवळ हात नेऊन बघितला. पुढचं डावं चाक जास्त तापलं होतं. गाडी त्या दिवशी मला मिळाली नाही, ते दुरुस्त झाल्यावरच मिळाली.

चालवायला कशी झाली? आंबा घाट दुसऱ्या-तिसऱ्यात सहज चढते, काटा मधेच राहतो, फडक्याची गरज लागलेली नाही. हायवेवर ऐंशीला दोन माणसं आवाज न चढवता बोलू शकतात. त्यापुढे मी नेत नाही, आणि मागचं डिफरन्शियल मूळचंच ठेवल्यामुळे नेण्यात अर्थही नाही. आवाज बदलला, हे मान्य करायला हवं. फियाटची ती ओळखीची खरखर गेली. आईला ते अजून पटलेलं नाही, ती म्हणते गाडी दारात आलेली कळतच नाही.

खटकणाऱ्या गोष्टीही सांगते. वायरिंगचं काम त्यांचा पुतण्या करतो आणि ते बाकी कामाच्या तोडीचं नाही. डॅशबोर्डखाली टेपच्या गुंडाळ्या लोंबत होत्या, त्या मी सांगलीत पुन्हा करून घेतल्या. गिअर स्टिअरिंगवरून खाली जमिनीवर आला, त्यामुळे पुढच्या सलग सीटवर मधे माणूस बसत नाही, आणि दांडा दुसऱ्यात घातला की सीटच्या कडेला घासतो. सीट थोडी मागे घेऊन देतो असं म्हणाले आहेत. स्पीडोमीटर चुकीचा दाखवतो, कारण नव्या गिअरबॉक्सचा केबलचा गिअर वेगळा आहे. योग्य दात्यांचा गिअर ते शोधत आहेत, तोवर मी मोबाइलवर वेग बघते. फोन उचलत नाहीत. आणि सांगितलेल्या वेळेच्या दुप्पट वेळ धरूनच चला. आमची गाडी उन्हाळ्यात गेली ती पावसाळा उजाडल्यावर आली.

खर्च इंजिन-गिअरबॉक्स, ब्रेक, शाफ्ट, रेडिएटर सगळं धरून पावणेदोन लाखांच्या घरात गेला. बिल ओळीने लिहिलेलं होतं, जुने काढलेले सुटे भाग पिशवीत भरून परत मिळाले, आणि ठरलेल्यापेक्षा जास्त लागलं ते फक्त रेडिएटरच्या कोअरसाठी, तेही आधी फोटो पाठवून विचारून. या कामाला ही रक्कम रास्त आहे. फक्त दिसायला जुनी आणि फिरवायला नवी अशी हौस असेल तर एवढे पैसे घालू नका, त्यात मूळ इंजिनाची दुरुस्ती उत्तम होते. इंजिन खरंच संपलं असेल आणि गाडी रोज वापरायची असेल, तरच जा.

सोमवारी गॅरेज बंद असतं. सकाळी लवकर गेलात तर मोठे मिस्त्री निवांत भेटतात. आरसीची प्रत, विम्याचा कागद बरोबर ठेवा, आणि गाडी नेमकी कुठल्या चढावर, कितव्या गिअरमध्ये तापते हे आठवून जा. आरसी बघून झाली की ते हेच विचारतात.