दुभाषा ताई उशिरा आल्या, पण काम चोख

म्हापशात माझं सुतारकामाचं दुकान. पॉलिशवाला पोरगा ओडिशाचा, हिंदी जेमतेम. छातीत त्रास म्हणाला तेव्हा इस्पितळात मीच दुभाषा झालो आणि 'पित्त' सांगून मोकळा! गोव्याचा 1987 चा राजभाषा कायदा कोकणीचा, सोबत मराठी. खिडकीवर ओडिया कोण विचारतो?

दुसऱ्या खेपेला ही दुभाष्यांची सेवा घेतली. कंपन्यांकडून पुरता दर, मजुरांकडून नाममात्र. ताई पाऊण तास उशिरा, बस चुकली म्हणे. पण डॉक्टरांचा प्रश्न जसाच्या तसा, पदरचं एक अक्षर नाही. मी तोंड घालताच, "दादा, त्याला बोलू द्या. तुम्ही जरा बाहेर बसा."

बसलो. पॉलिशच्या वासानं धाप लागते, हे पोरगा माझ्यासमोर बोलतच नव्हता.

रविवारी मात्र फोन उचलत नाहीत.