गुडघ्यातील गादी बदलण्याची सेवा : छत्रपती संभाजीनगरातील एका गुडघा विभागाचा अनुभव

छत्रपती संभाजीनगरातील एका खासगी रुग्णालयाच्या गुडघा विभागात माझ्या पुतण्याच्या उजव्या गुडघ्यात दात्याची मेनिस्कस बसवण्यात आली. मेनिस्कस म्हणजे मांडीचे हाड आणि नडगी यांच्यामध्ये असणारी चंद्रकोरीच्या आकाराची गादी. पुतण्याचे खासगीपण जपण्यासाठी रुग्णालयाचे नाव येथे देत नाही. या सेवेविषयी माझे मत चांगले आहे आणि त्यात सर्वांत मोठा वाटा शस्त्रक्रियेआधी झालेल्या तपासणीचा व मोकळ्या बोलण्याचा आहे.

पुतण्या अंबाजोगाई परिसरात कबड्डी खेळत असे आणि पोलीस भरतीसाठी रोज पहाटे धावत असे. चढाई करताना गुडघा पिरगळला, आणि दुसऱ्या एका शहरात दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया करून त्याची बाहेरच्या बाजूची गादी जवळजवळ पूर्ण काढण्यात आली. गादी शिवता आली असती का, किती भाग काढला आणि किती उरला, हे तेथे आम्हाला कोणीही समजावून सांगितले नाही. वर्षभरातच जिना उतरताना दुखणे आणि संध्याकाळपर्यंत गुडघा सुजणे सुरू झाले.

संभाजीनगरच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत प्लास्टिकचा गुडघा हातात घेऊन जे सांगितले, ते प्रत्येक रुग्णाला पहिल्या शस्त्रक्रियेपूर्वीच ऐकायला मिळायला हवे. गुडघ्याच्या आतल्या, म्हणजे दुसऱ्या पायाकडच्या, कप्प्यातील सुमारे निम्मा भार आतली गादी पेलते, तर बाहेरच्या कप्प्यात हा वाटा ७० टक्क्यांच्या आसपास जातो. शिवाय बाहेरच्या बाजूला नडगीचा माथा किंचित फुगीर असल्यामुळे गादी गेल्यावर दोन्ही हाडांचा स्पर्श अगदी लहान जागेवर एकवटतो आणि तेथील कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण, लवकर झिजते. गादी काढलेल्या गुडघ्यांच्या एक्स-रेमध्ये पुढे कोणते बदल दिसतात, हे इंग्लंडमधील फेअरबँक यांनी १९४८ मध्येच नोंदवले होते. तरीही गादी म्हणजे काढून टाकता येण्याजोगा निरुपयोगी तुकडा, ही समजूत त्यानंतर बरीच वर्षे टिकली.

दुसऱ्याची गादी बसवण्याची पहिली शस्त्रक्रिया १९८४ मध्ये जर्मनीत झाली. इतकी वर्षे लोटूनही ती सर्रास होत नाही, आणि देशपातळीवरच्या नोंदी पाहिल्या की त्यामागचे कारण ध्यानात येते. अमेरिकेत २००५ ते २०११ या काळातील विमा-नोंदींच्या एका अभ्यासात केवळ गादी काढण्याच्या ३,८७,८३३ शस्त्रक्रिया आढळल्या, तर केवळ शिवण्याच्या २३,६४०. गादी बदलण्याचे प्रमाण तेथे दर लाख लोकांमागे वर्षाला एकाहूनही बरेच कमी राहिले आणि त्यात मोठी वाढ दिसली नाही. बदललेल्यांत तरुण पुरुष अधिक होते. दक्षिण कोरियात मात्र ही शस्त्रक्रिया तुलनेने बरीच जास्त होते, कारण पूर्व आशियात बाहेरची गादी जन्मतःच चकतीसारखी असण्याचे प्रमाण मोठे आहे, अशी गादी लवकर फाटते आणि कमी वयातच काढावी लागते. या साऱ्या आकड्यांतून मला एकच गोष्ट ठळक दिसते. बदलण्याची वेळ मोजक्यांवर येते, आणि त्यांतल्या अनेकांवर ती पहिल्या वेळी गादी वाचवली गेली असती तर आली नसती. गादीला रक्तपुरवठा फक्त बाहेरच्या कडेला, साधारण पाव भागापर्यंत असतो. त्यामुळे प्रत्येक फाटलेली गादी शिवून जुळत नाही, हेही डॉक्टरांनी तितक्याच स्पष्टपणे सांगितले.

तपासणीच्या बाबतीत हा विभाग खरोखर काटेकोर आहे. नुसत्या एमआरआयवर निर्णय झाला नाही. पुतण्याला उभे करून खुब्यापासून घोट्यापर्यंतचा एक्स-रे काढला, कारण पाय वाकडा असेल आणि भार एकाच बाजूला पडत असेल, तर नवी गादीही चिरडते आणि आधी हाड सरळ करावे लागते. हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणारे अस्थिबंध घट्ट आहेत का हे तपासले, कूर्चा किती शिल्लक आहे हे पाहिले. झीज हाडापर्यंत पोहोचलेली असती तर ही शस्त्रक्रिया आपण केलीच नसती, असे त्यांनी सांगितले. गादीचे माप ठरवताना बाजूच्या एक्स-रेवर नडगीच्या माथ्याची लांबी मोजतात आणि आतल्या गादीसाठी तिच्या ८० टक्के, बाहेरच्या गादीसाठी ७० टक्के धरतात. माप चुकले तर गादी एक तर कप्प्याबाहेर सरकते, नाही तर ताण पडून फाटते. हे सर्व आमच्यासमोर कागदावर मांडून दाखवणारा डॉक्टर मला याआधी भेटला नव्हता.

त्यानंतरचा काळ अवघड होता. योग्य मापाची, उजव्याच गुडघ्याची गादी ऊतीपेढीकडून, म्हणजे दात्यांच्या ऊती जपून ठेवणाऱ्या संस्थेकडून, मिळेपर्यंत कित्येक महिने थांबावे लागले. आपल्याकडील अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्यात २०११ च्या दुरुस्तीने ऊतींचाही समावेश झाला, त्यामुळे कागदपत्रे पुष्कळ लागतात, आणि ती लागावीत हे योग्यच आहे. आमच्या आईला वेगळीच काळजी होती : परक्याची गादी पुतण्याचे शरीर स्वीकारेल का, जन्मभर औषधे घ्यावी लागतील का? विभागातील समुपदेशक बाईंनी तिला जवळ बसवून सांगितले की, ही गादी उणे ८० अंशांच्या आसपास गोठवून ठेवलेली असते, मूत्रपिंडासारखी ऊती-जुळणी करावी लागत नाही आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधेही द्यावी लागत नाहीत. ‘आजी, नातवाला गोळ्यांच्या डब्यासह जगावे लागणार नाही,’ हे त्यांचे वाक्य ऐकल्यावर आई निर्धास्त झाली.

प्रत्यक्ष शस्त्रक्रियेबद्दल लिहिण्यासारखे थोडे आहे, कारण ती सुरळीत पार पडली. बाहेरच्या गादीची दोन्ही टोके जवळजवळ असल्यामुळे ती हाडाच्या छोट्या पट्टीसह नडगीतील खाचेत बसवली आणि कडेने शिवली. पुढचे काही आठवडे कुबड्या, पट्टा आणि गुडघा ९० अंशांपलीकडे न वाकवण्याची सक्त ताकीद होती.

उणिवा दोन आहेत आणि त्या किरकोळ नाहीत. खर्चाचा जो अंदाज आधी दिला, त्यात गादीची किंमत आणि ती गोठलेल्या स्थितीत आणण्याचा खर्च धरलेला नव्हता. शेतीवर चालणाऱ्या घराला अशी रक्कम ऐनवेळी उभी करणे किती जड जाते, हे मराठवाड्यातील रुग्णालयाला वेगळे सांगावे लागू नये. दुसरे म्हणजे फिजिओथेरपीची सूचनापत्रिका केवळ इंग्रजीत आहे. व्यायामांची व्यवस्था गावाजवळ लावून देण्याचीही सोय नाही, त्यामुळे एसटीने वारंवार इतक्या लांब येणे भाग पडले. ज्या उपचाराचे यश महिनोन्‌महिन्यांच्या व्यायामावर अवलंबून असते, त्याच्या सूचना मराठीत असायलाच हव्यात.

आज पुतण्या जिना न अडखळता उतरतो, गुडघ्याला सूज येत नाही, मोटारसायकल चालवतो आणि शेतावर जाऊन येतो. भरतीतील १,६०० मीटर धावण्याचा आणि कबड्डीचा विचार सोडावा, असे डॉक्टरांनी त्याला शस्त्रक्रियेआधीच सांगितले होते. ते ऐकून तो फार खचला होता, पण खोट्या आशेवर त्याच्याकडून पैसे घेतले गेले नाहीत, याचे मोल मला मोठे वाटते. गादी कायमची नसते, हेही सांगितले गेले. दहा वर्षांनंतर सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांत ती टिकलेली आढळते.

या विभागात कोणी जावे, याबद्दलही थोडे लिहितो. साठीतल्या, झिजलेल्या गुडघ्यासाठी हा उपचार नाही. मध्यम वयात झिजेने फाटलेल्या गादीसाठी दुर्बिणीची शस्त्रक्रियाही सहसा उपयोगी पडत नाही. फिनलंडमध्ये १४६ रुग्णांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तिचा परिणाम लुटुपुटुच्या शस्त्रक्रियेहून सरस ठरला नव्हता. मात्र खुरपणी करताना किंवा उकिडवे बसून उठताना गुडघ्यामागे ‘कट्’ असा आवाज येऊन एकाएकी कळ आली, तर गादी मुळापाशी, म्हणजे ती हाडाला जोडलेली असते तेथे, तुटलेली असू शकते. मूळ तुटलेली गादी काढून टाकलेल्या गादीसारखीच निकामी ठरते, पण वेळेत ओळखल्यास ती पुन्हा जोडता येते. अशा बाईमाणसांनी वातविकार समजून घरी शेक घेत बसू नये. जाताना आधीच्या शस्त्रक्रियेची संपूर्ण नोंद, दुर्बिणीतून घेतलेली छायाचित्रे आणि एमआरआयची सीडी सोबत न्यावी. पहिल्या रुग्णालयाकडून ही कागदपत्रे मागून घेण्याचा रुग्णाला हक्क आहे, आणि या विभागात ती नीट पाहिली जातात.