ट्रायलमध्ये ९ महिने: औषध ठीक आहे, पण आधी तुमचा ब्लॉक ताब्यात घ्या

मी कॅन्सरच्या नव्या औषधाच्या ट्रायलमध्ये, म्हणजे चाचणीत, आहे. काल तिथल्या कोऑर्डिनेटर मुलीचा फोन आला. "काकू, तुमचा ब्लॉक सेंट्रल लॅबकडून परत यायला वेळ लागेल." (ब्लॉक म्हणजे माझ्या गाठीचा जपून ठेवलेला तुकडा, सविस्तर पुढे.) मी म्हटलं, वेळ म्हणजे किती? तर म्हणे, कदाचित ट्रायल संपेपर्यंत. त्या तिरीमिरीत लिहायला बसले आहे, त्यामुळे सूर थोडा चढला तर सांभाळून घ्या.

माझं थोडक्यात: ब्रेस्ट कॅन्सर. २०१९ला ऑपरेशन, किमो, रेडिएशन, मग टॅमॉक्सिफेन ही हॉर्मोन रोखणारी गोळी. ईआर पॉझिटिव्ह, म्हणजे हॉर्मोनवर वाढणारा; हर-टू हे प्रोटीन आधी २+, म्हणजे धड हो नाही की नाही नाही, आणि मग फिश या जनुकांच्या तपासणीत निगेटिव्ह. २०२३मध्ये लिव्हरमध्ये परत आला. लेट्रोझोल आणि पाल्बोसिक्लिब या गोळ्यांवर १४ महिने निघाले. (त्याच वर्षी जानेवारीत पाल्बोसिक्लिबचं पेटंट संपून देशी गोळ्या आल्या होत्या, नाहीतर आमचं काही खरं नव्हतं.) गोळ्यांचा असर संपल्यावर इथले डॉक्टर म्हणाले, एखादी ट्रायल मिळते का बघा.

शोधण्याबद्दल फार लिहीत नाही. सीटीआरआय हे ट्रायलचं सरकारी रजिस्टर २००७पासून आहे आणि औषधाची ट्रायल सुरू करण्याआधी तिथं नोंदणी १५ जून २००९पासून सक्तीची आहे. बघायला पैसे पडत नाहीत. नुसतं 'ब्रेस्ट कॅन्सर' टाकून थांबू नका, 'मॅलिग्नंट निओप्लाझम ऑफ ब्रेस्ट' टाकूनही बघा, कारण बऱ्याच नोंदी त्या नावाने आहेत. प्रत्येक नोंदीत रुग्णांची भरती चालू आहे की बंद हे भारतासाठी आणि जगभरासाठी वेगवेगळं लिहिलेलं असतं. मी पहिले दोन दिवस जगभराचीच ओळ वाचत होते. नोंदीतला फोन नंबर लावायचा आणि पहिला प्रश्न हाच: "तुमच्या सेंटरला आज जागा आहे का?" मी सात ठिकाणी फोन केले. चार ठिकाणी भरती बंद झालेली, एका ठिकाणी फक्त किमो न झालेल्या बायका हव्या होत्या, एक फोन लागलाच नाही. सातवं मुंबईचं.

आता ब्लॉक. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचा तुकडा मेणात बसवून ठेवतात, तो ब्लॉक. कॅरमच्या सोंगटीएवढा, पण चौकोनी, खाली प्लॅस्टिकची जाळी आणि कडेला पेन्सिलीने नंबर. माझा 'ए ३'. गाठ कोणत्या जातीची आहे हे ट्रायलवाले स्वतःच्या लॅबमध्ये पुन्हा तपासतात, त्यासाठी तो लागतो. नसेल तर नवा तुकडा काढायला लिव्हरमध्ये सुई. मला सुई नको होती.

जिथं ऑपरेशन झालं तिथल्या लॅबमध्ये गेले. (नाव लिहीत नाही, अजून तिथं जावं लागतं.) आधी म्हणाले, ब्लॉक मिळत नाही, स्लाइड (काचेवर लावलेला पातळ काप) न्या. मग म्हणाले, डॉक्टरांचं पत्र आणा. पत्र नेलं तर डिपॉझिट भरा. डिपॉझिट भरलं तर माणूस रजेवर, सोमवारी या. सोमवारी गेले तर "एवढा जुना शोधायला लागेल बाई". माझ्याच छातीतला तुकडा, आणि मीच अर्जदार! मी पतसंस्थेत २१ वर्षं व्हाउचर तपासली आहेत. खुर्ची ओढून तिथंच बसले आणि म्हटलं, शोधा, मी आहे. सव्वा तासात सापडला. एकूण पाच हेलपाटे आणि २३ दिवस. तिकडे सीटी स्कॅन २८ दिवसांच्या आतला लागतो, त्यामुळे माझा आधीचा स्कॅन शिळा झाला आणि पुन्हा करावा लागला.

मे महिन्यात साताऱ्याहून मुंबईला एसटीने ब्लॉक नेला, स्टीलच्या छोट्या डब्यात, कापसात गुंडाळून. मेण वितळेल म्हणून सहा तास डबा मांडीवर. कोऑर्डिनेटर मुलीने डबा उघडला आणि हसली, "काकू, हे मेण साठेक डिग्रीला वितळतं." हे आधी फोनवर सांगता आलं असतं.

संमतीपत्र मराठीत होतं, २६ पानं, प्रत्येक पानावर सही. एक प्रत आपल्याला मिळते, न विसरता मागून घ्या. शेवटी शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि नॉमिनीचं नाव. नॉमिनी वाचून पोटात गोळा आला. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि जिवाचं काही झालं तर वारसाला भरपाई, असं २०१९च्या नियमांत आहे, त्यासाठी तो रकाना. दीर आधीच म्हणत होते, "वहिनी, तुम्हाला उंदीर करणार." मी त्यांना टाटा मेमोरियलच्या अभ्यासाचं सांगितलं. ऑपरेशनच्या आधी गाठीभोवती लिग्नोकेन टोचायचं, दातवाला देतो ती साधी भूल. जवळपास १६०० बायका त्यात होत्या, २०२३मध्ये निष्कर्ष छापून आले. पाच वर्षांनी हयात असलेल्या बायका टोचलेल्या गटात ९०.१ टक्के, दुसऱ्या गटात ८६.४. त्या बायकांनी सही केली म्हणून हे कळलं. दीर गप्प बसले. पटलं असं नाही, चहा आला म्हणून.

मग कुणाला नवी गोळी आणि कुणाला जुनं औषध याची कॉम्प्युटरने चिठ्ठी काढली आणि मला जुनं औषध मिळालं. एवढी यातायात नव्या गोळीसाठी, आणि वाट्याला फुलवेस्ट्रंट! पहिल्या महिन्यात तीन वेळा, नंतर दर २८ दिवसांनी, दोन्ही कुल्ल्यांत एकेक इंजेक्शन. एरंडेलात कालवलेलं, त्यामुळे हळूहळू सोडावं लागतं. तिथली एक सिस्टर सिरिंज आधी तळहातांत धरून ऊब देते, ती असली की निम्मं दुखणं कमी. इथपर्यंतचा मजकूर मी ऑगस्टमध्ये डायरीत लिहिला होता आणि खाली 'फसवणूक, २ स्टार' असा शेरा होता.

तो शेरा आता खोडला आहे. माझ्या ट्रायलमध्ये इंजेक्शन, रक्त, ईसीजी, स्कॅन कशालाच पैसे लागले नाहीत. दर आठ आठवड्यांनी सीटी होतो आणि एकच डॉक्टर लिव्हरमधले तेच डाग मिलिमीटरमध्ये मोजतात. बाहेर एवढं काटेकोर माझं कधीच कुणी मोजलं नव्हतं. मोठा डाग २२ होता, आता १७. पेढे आणायला निघणार होते तर कागदावर 'स्टेबल'. का, तर त्यांच्या हिशेबात सगळ्या डागांची बेरीज ३० टक्के उतरल्याशिवाय 'रिस्पॉन्स' लिहीत नाहीत. पाच मिलिमीटरला काही किंमतच नाही! असो, पेढे आणले.

प्रवासखर्च मिळतो, पण मूळ तिकीट लागतं. एसटीत बायकांना अर्धं तिकीट, म्हणून मी अर्ध्याचाच क्लेम लावते. मुलगी म्हणाली, "काकू, एवढंच?" एवढंच गं, खर्चच तेवढा झाला. एसटीच्या तिकिटाची शाई दोन महिन्यांत उडते. माझी पहिली चार तिकिटं क्लेम पास होईपर्यंत कोरी झाली होती. उतरल्या उतरल्या झेरॉक्स काढा.

औषधाला आता ४ स्टार. माणसांना साडेचार, त्यातला अर्धा त्या सिस्टरचा. ब्लॉकच्या कारभाराला शून्यच. उद्या हे इंजेक्शन चालेनासं झालं आणि दुसरी ट्रायल शोधायची वेळ आली, तर पुन्हा हाच ए ३ लागणार, आणि तो कुठल्या देशात आहे तेही मला माहीत नाही. लॅबवाल्याने ब्लॉक देताना आणखी एक, ए ४, आहे असं पुटपुटल्याचं आठवतंय. डिपॉझिटची पावती पासबुकात ठेवली आहे, लॅमिनेट करून. सोमवारी जाते.