खाडीतला सिस्मिक सर्व्हे : पुण्याच्या टीमचा अनुभव

रायगडच्या एका खाडीत जेट्टी करायची आहे, त्यासाठी चिखलाखाली खडक कुठे लागतो ते हवं होतं. सिस्मिक सर्व्हे म्हणजे होडीवरून पाण्यात आवाज सोडायचा आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून खालचे थर ओळखायचे. आमचं ऑफिस कोथरूडला म्हणून पुण्यातलीच टीम घेतली. नाव टाकत नाही कारण पुढे तक्रारही आहे.

मागच्या वर्षी दुसऱ्या एका एजन्सीने हेच काम केलेलं, पाण्यापासून १० मीटरवर खडक दाखवला, आम्ही तेवढं धरून पाइलची (जेट्टीच्या खांबांची) लांबी काढली आणि बोअर मारलं तर १७ मीटरपर्यंत नुसता चिखल!! क्लायंटसमोर मान खाली गेली.

या टीमच्या मॅडमनी तो जुना प्रोफाइल (थरांच्या रेघा दाखवणारं सर्व्हेचं चित्र) बघून पहिलं विचारलं, इथे पाणी किती? म्हटलं ५ मीटर. मग खडक बरोबर दुप्पट खोलीवरच कसा? त्यांचं म्हणणं, तो खडक नसेलच, आवाज तळावरून वर येतो, पाण्याच्या पृष्ठभागावर आपटून परत खाली जातो आणि दुसऱ्यांदा वर येतो, त्याला मल्टिपल म्हणतात, उथळ पाण्यात तो खऱ्या थरांच्या मध्येच येऊन बसतो. नुसतं बोलून थांबल्या नाहीत, ओहोटीला ज्या लाईनवर होडी नेऊन सर्व्हे केला तीच लाईन भरतीला परत मारली. पाणी २ मीटर वाढलं तर खडक पाण्यापासून २ मीटरच खाली जायला हवा, ही रेघ ४ मीटर सरकली, म्हणजे ती मल्टिपलच. विषय संपला. मला हे फार आवडलं.

खाडीचं पाणी पावसानंतर गोडसर असतं आणि स्पार्करला (विजेच्या ठिणगीने आवाज काढणारं यंत्र) खारं पाणी लागतं, म्हणून त्यांनी बूमर (धातूच्या पत्र्याने आवाज काढणारं यंत्र) आणला. होडी आणि तांडेल गावातलेच घेतले, डोल जाळी कुठे लावलीयेत ते आदल्या दिवशी कोळीवाड्यात जाऊन विचारून आले, त्यामुळे कुणाचं जाळं तुटलं नाही की भांडण नाही. दोन ठिकाणी चिखलात गॅस होता, त्याखाली काहीच दिसत नाही, तिथे अंदाजाने रेघ न ओढता भाग कोरा ठेवून "इथे बोअर घ्या" असं लिहून दिलं.

तक्रार म्हणजे रिपोर्ट १२ दिवस उशिरा आला, तेही रोज फोन केल्यावर, आणि सेग-वाय फाइल्स (सर्व्हेचा कच्चा डेटा) दोनदा मागाव्या लागल्या. कच्चा डेटा वर्क ऑर्डरमध्येच लिहून घ्या, नंतर वाद नको. रेटही पहिल्या एजन्सीपेक्षा बराच जास्त आहे.

परवा नवीन बोअर झालं, खडक त्यांच्या रेघेपासून अर्ध्या मीटरच्या आत लागला. पुढच्या जेट्टीला यांनाच सांगणार.