डब्यावरची अक्षरं आणि नॉब: स्टिकर, लेझर की पीसीबी?

मागच्या हरिनाम सप्ताहाच्या आधी परभणीजवळच्या एका भजनी मंडळासाठी चार नॉबांचा छोटा ॲम्प्लिफायर केला. सर्किट पहिल्याच दिवशी चाललं, पण नॉबची खूण शून्यावर आली तरी नॉब अजून थोडा मागे फिरायचा. पखवाजवाले काका शून्यावर आणून थांबायचे, आवाज बंद झाला समजून माईक उचलायचे आणि शिट्टी बसायची. चूक माझी होती. स्केल २७० अंशांची आखली आणि पॉट (नॉबच्या मागचा, आवाज कमीजास्त करणारा फिरता भाग) ३०० अंश फिरणारा बसवला.

म्हणून अक्षरं कुठून करून घ्यायची हे ठरवण्याआधी पॉट मोजा. ३०० अंशांचा असेल तर आखणी सोपी आहे. घड्याळातल्या सातपासून बारावरून पाचपर्यंत अकरा खुणा होतात, दर ३० अंशांवर एक, म्हणजेच ० ते १०.

आता पर्याय. सगळ्यात जवळचा म्हणजे रेडियमवाला, तालुक्याच्या गावातही सापडतो. त्याच्याकडून मशीनवर कापलेली अक्षरं घेऊ नका. अक्षर चार-पाच मिलिमीटरपेक्षा लहान झालं की नको असलेला भाग सोलताना मात्रा आणि टिंबंही सोबत निघतात. ‘बंद’चं ‘बद’ होतं. त्याऐवजी विनाइलवर छापून वरून मॅट लॅमिनेशन करून घ्या. चिकटवताना पॅनलवर साबणाचं पाणी फवारा, म्हणजे स्टिकर सरकवून भोकांवर नेमका आणता येतो; मग मधून कडेकडे पाणी दाबून काढा. खर्च अगदी कमी. पण स्टिकर ओढला की ताणला जातो, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये राहिलेल्या डब्यावर त्याच्या कडा उचलल्या जातात.

स्टिकरच्या वाटेनं जाणार असाल तर भोकं आणि अक्षरं एकाच फाइलमध्ये आखा. आधी तीच फाइल साध्या कागदावर छापून पत्र्यावर चिकटवा आणि तिच्यावरूनच सेंटर पंच मारा, म्हणजे भोकाच्या मध्यावर टोचा उठतो. आधी २ मिमीचं भोक, मग पायरीपायरीनं भोक मोठं करणारं स्टेप ड्रिल, शेवटी गोल कानस. छापताना ‘फिट टू पेज’ बंद ठेवा. प्रिंटरनं ९७ टक्क्यांवर छापलं तर १६० मिमीच्या पॅनलवर जवळपास ५ मिमी कमी पडतात. फाइलमध्ये १०० मिमीची रेघ ठेवायची आणि छापल्यावर पट्टी लावून बघायची, हा नेम मी मोडत नाही.

माझा कल मात्र मोमेंटो आणि ट्रॉफ्या करणाऱ्याकडे आहे. संभाजीनगर, नांदेड, लातूरला अशा दुकानांत लेझर मशीन असतं. ॲक्रेलिकवर अक्षरं कोरणं आणि भोकं कापणं एकाच बैठकीत होतं, त्यामुळे नॉब आणि खुणा यांचं आपसातलं अंतर हाताच्या चुकीवर राहत नाही. पारदर्शक शीट घेऊन मागच्या बाजूनं उलटी अक्षरं कोरा आणि रंग भरा. बोटांनी ती कधीच पुसली जात नाहीत. ॲक्रेलिकमध्ये पॉटच्या गळ्यापुरतं ७ मिमीचं भोक ठेवा आणि मागच्या पत्र्यात मुद्दाम १० मिमीचं. पत्र्यातलं भोक थोडं इकडेतिकडे गेलं तरी पॉट ॲक्रेलिकच्या भोकातच बसतो, मागे रुंद वॉशर लावला की झालं. शीट २ मिमीचीच घ्या. माझ्याकडच्या पॉटचा आटा ७ मिमी लांब आहे. ३ मिमी ॲक्रेलिक, दीड मिमी पत्रा आणि २ मिमी नट यांनीच तो जवळपास संपतो.

दोन गोष्टी सांभाळा. लेझरनं कापलेली कड स्पिरिटनं पुसू नका. मी पुसली आणि भोकांभोवती केसासारख्या चिरा पडल्या. ओलं फडकं पुरतं. दुसरं म्हणजे रेडियमचा रोल पीव्हीसीचा असतो, तो लेझरमध्ये घालायला सांगू नका. जळताना त्यातून आम्लाचा विषारी वायू निघतो.

मराठी अक्षरं असतील तर फाइल कर्व्हमध्ये (फॉन्ट न लागणाऱ्या आकारांत) बदलूनच द्या. बऱ्याच दुकानांत अजून जुने फॉन्ट चालतात, युनिकोडमधली जोडाक्षरं तिथे तुटतात.

लग्नपत्रिका छापणाऱ्याकडचं स्क्रीन प्रिंटिंग एकसारखे पंधरा-वीस डबे असतील तरच परवडतं. पीसीबीचं, म्हणजे सर्किट बोर्डच पुढची पाटी म्हणून बनवून घेतलेलं पॅनल दिसायला सर्वात देखणं: काळा मास्क (बोर्डावरचा रंगीत थर), पांढरी अक्षरं, जाडी १.६ मिमी आणि भोकं अगदी नेमकी. मराठी मजकूर बऱ्याचदा चित्र म्हणून टाकावा लागतो आणि बोर्ड यायला दिवस जातात. १०० × १०० मिमीच्या आत बसवलं तर स्वस्तात पडतं. उद्या डबा द्यायचा असेल तर हा मार्ग सोडा.

पॅनल कोणतंही असो, नॉब शेवटी पॉटच बघून बसवायचा. बाजूच्या स्क्रूनं गोल शाफ्टवर आवळायचा नॉब घेतलात तर काम सोपं: पॉट पूर्ण डावीकडे फिरवा, खूण शून्यावर धरून आवळा, मग पूर्ण उजवीकडे नेऊन बघा. दहावर थोडा फरक पडला तर तो दोन्ही टोकांना अर्धा अर्धा वाटा, म्हणजे मधला पाच नेमका राहतो. हे पॉट स्केलपेक्षा कमी फिरत असेल तेव्हाच; जास्त फिरत असेल तर वाटू नका, नाहीतर खूण शून्याच्या पलीकडे जाईल. दातेरी शाफ्टला बहुधा अठरा दात असतात, म्हणजे नॉब एकदम २० अंश सरकतो. तिथे नॉबऐवजी नट सैल करून पॉटच फिरवावा लागतो. त्यासाठी पॉटच्या बाजूचा छोटा पत्र्याचा काटा कापून टाका आणि आत दातेरी वॉशर घाला, नाहीतर जोरात फिरवल्यावर पॉट घसरतो.

काकांच्या डब्याचं नवं ॲक्रेलिक मी असंच केलं. शून्याची खूण तेवढी पुढच्या बाजूनं थोडी खोल कोरून घेतली, अंधारात बोटाला लागते.